टिकून राहण्याचा इतिहास आणि मैत्री

चळवळीचा इतिहास आपण सभा, मोर्चे, ठराव आणि फुटी यांच्या तारखांनी लिहितो. माणसे टिकली कशी, हा प्रश्न त्यात सहसा विचारला जात नाही. जो टिकला तो मुळातच खंबीर होता आणि जो गळाला तो मुळातच कच्चा होता, एवढे म्हणून आपण विषय संपवतो. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. मला हे उत्तर इतिहासाचे वाटत नाही, ते दैववादाचे वाटते. गुण जन्माने येतात असे सांगणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध जे उभे राहिले, त्यांनी तरी खंबीरपणा जन्मजात मानू नये. तो कशाच्या आधाराने घडतो आणि कोण तो जपतो, हे तपासले पाहिजे.

ख्रिस्ती विचारात या प्रश्नाला जुनी परंपरा आहे. नव्या करारातील २७ पुस्तकांपैकी २१ पत्रे आहेत, आणि पौलाची काही पत्रे कैदेतून लिहिलेली आहेत. या पत्रांत 'धीर धरा' हा उपदेश जसा येतो, तशीच माणसांची नावे येतात. कोण आजारी पडला, कोणाला तुमच्याकडे पाठवतो आहे, कोणाला सलाम सांगा, हे सारे त्यात असते. विश्वासात टिकणे हे तेथे एकट्याचे तप नसून एकमेकांची खबर घेणे हाही त्याचाच भाग आहे. मात्र या परंपरेची मर्यादाही त्याच पत्रांत दिसते. फिलेमोन नावाच्या मालकाला लिहिलेल्या छोट्या पत्रात पौल त्याच्या अनेसिम या गुलामाला भाऊ म्हणून स्वीकारण्याची विनंती करतो, पण गुलामीच नष्ट करा असे म्हणत नाही. पळालेल्या गुलामांना मालकाकडे परत धाडावे, या मताच्या समर्थनार्थ अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात हेच पत्र पुढे केले गेले. तेव्हा 'बंधुभाव' हा शब्द ऐकताच हुरळून जाण्याचे कारण नाही. बंधुभाव कोणाशी आणि कोणत्या किमतीला, हे विचारावेच लागते. विसाव्या शतकात हा प्रश्न ज्याच्या आयुष्यात कसाला लागला, अशा एका जर्मन पाद्र्याचा विचार येथे करावयाचा आहे.

डीट्रिख बोनहोफर (१९०६-१९४५) हा वरच्या वर्गातला माणूस. वडील नामांकित मानसोपचारतज्ज्ञ आणि विद्यापीठात प्राध्यापक. घरात संगीत, ग्रंथ, नोकरचाकर. १९३० साली तो न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत वर्षभरासाठी शिकावयास गेला. ही संस्था कोलंबिया विद्यापीठाच्या अगदी शेजारी आहे. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब त्याच परिसरात शिकत होते. तेथे बोनहोफरची मैत्री फ्रँक फिशर या काळ्या विद्यार्थ्याशी झाली. फिशर अलाबामाचा. तो बोनहोफरला हार्लेममधील ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चमध्ये घेऊन गेला. पुढे कित्येक महिने हा जर्मन पंडित तेथे मुलांना रविवारच्या शाळेत शिकवीत होता. एकदा एका उपाहारगृहात फिशरला इतरांसारखी वागणूक मिळणार नाही हे दिसताच बोनहोफर तेथून उठून निघाला. मायदेशी परतताना त्याने काळ्यांच्या भक्तिगीतांच्या ध्वनिमुद्रिका बरोबर नेल्या.

पण ज्याला एक चांगला मित्र लाभला तो लगेच निर्भय होतो, असे नाही. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. एप्रिलमध्ये ज्यू वंशाच्या लोकांना सरकारी नोकरीतून दूर करणारा कायदा झाला. बोनहोफरने त्याच महिन्यात चर्च आणि ज्यूंचा प्रश्न यावर निबंध लिहून अन्यायाचे चाक अडविण्याची जबाबदारी चर्चवर येऊ शकते, असे मांडले. आणि त्याच महिन्यात, त्याच्या जुळ्या बहिणीचे ज्यू सासरे वारले तेव्हा, वरिष्ठाचा सल्ला मानून त्याने त्यांच्या अंत्यविधीचे पौरोहित्य नाकारले. काही महिन्यांनी बहिणीच्या पतीला पत्र लिहून त्याने या भित्रेपणाबद्दल क्षमा मागितली. एका हाताने निबंध लिहिणारा माणूस दुसऱ्या हाताने कच खातो, हे आपल्याला नवे नाही. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्याने पत्र लिहिले. संबंध तुटू दिला नाही.

चर्चचेही असेच झाले. हिटलरधार्जिण्या चर्चला विरोध करणाऱ्यांनी मे १९३४ मध्ये बार्मेन येथे घोषणापत्र काढले. ते धैर्याचे होते, परंतु त्यात ज्यूंचा उल्लेख नाही. आपल्या संस्थेच्या स्वातंत्र्यासाठी चिकाटीने लढणारे लोक शेजाऱ्याच्या जिवाबद्दल गप्प राहू शकतात. चिकाटी हा गुण खरा, पण ती कशासाठी, हे ठरल्याशिवाय त्याची किंमत करता येत नाही.

१९३५ मध्ये या विरोधी चर्चसाठी नवे पाद्री तयार करणारे एक छोटे विद्यालय बोनहोफरकडे आले. ते फिंकेनवाल्डे येथे चालत असे. तेथे हार्लेमच्या ध्वनिमुद्रिका वाजत. एका खेड्यातल्या पाद्र्याचा मुलगा एबरहार्ड बेथगे त्याला तेथेच विद्यार्थी म्हणून भेटला आणि जन्माचा मित्र झाला. सप्टेंबर १९३७ मध्ये गेस्टापोने विद्यालयाला टाळे ठोकले. त्या वर्षअखेरीपर्यंत तेथून शिकून गेलेल्यांपैकी २७ जणांना अटक झाली होती. संस्था गेली, इमारत गेली. मग उरले काय? परिपत्रे उरली. विद्यालय चालू असतानाच माजी विद्यार्थ्यांना नियमित पत्रे धाडण्याची प्रथा पडली होती. कोण तुरुंगात आहे, कोण सुटला, कोणाच्या घरी काय हवे, रोज कोणत्या वचनाचे मनन करावे, हे त्यांत असे. पुढे युद्धात आघाडीवर गेलेल्या तरुणांना अशी परिपत्रे धाडण्यावर बंदी आली. तेव्हा प्रत्येक प्रत खाली सही करून खाजगी पत्र म्हणून जाऊ लागली. एकाकी गावात बसलेल्या, पगार नसलेल्या, सरकारमान्य चर्चकडे वळण्याचा मोह होणाऱ्या तरुण पाद्र्याला या कागदाने धरून ठेवले.

१९३९ च्या जूनमध्ये मित्रांनी बोनहोफरला अमेरिकेत सुरक्षित जागा मिळवून दिली. महिनाभरातच तो परतला. आपल्या लोकांबरोबर हा काळ भोगला नाही तर युद्धानंतर त्यांच्या उभारणीत भाग घेण्याचा हक्क आपल्याला उरणार नाही, अशी त्याची भूमिका होती. पुढे तो हिटलरविरोधी कटात सामील झाला. १९४२ च्या अखेरीस त्याने दहा वर्षांचा आढावा लिहून मोजक्या सहकाऱ्यांना दिला. त्याची एक प्रत आईवडिलांच्या घरात छताच्या तुळयांआड लपविलेली होती. त्याच सुमाराच्या एका अपुऱ्या टिपणात तो म्हणतो की, जगाचा इतिहास खालून, म्हणजे बहिष्कृत आणि सत्ताहीन यांच्या जागेवरून पाहावयास शिकणे ही या काळाची मोठी कमाई आहे. हे पाहणे त्याला ग्रंथांनी जितके शिकविले, तितकेच फिशरसारख्या मित्रानेही शिकविले असावे, असे माझे मत आहे.

५ एप्रिल १९४३ रोजी त्याला अटक झाली आणि बर्लिनच्या टेगेल तुरुंगात ठेवण्यात आले. पत्रे आईवडिलांना लिहिता येत, तीही ठरावीक दिवसांनी आणि तपासणी होऊन. मित्राला कायद्याच्या दृष्टीने काहीच स्थान नव्हते. नोव्हेंबर १९४३ पासून मात्र पहारेकऱ्यांच्या मदतीने बेथगेला चोरून पत्रे जाऊ लागली. पत्नीला, नातलगाला हक्क असतो, मित्राला तो नसतो, ही गोष्ट दोघांनाही टोचत होती. जानेवारी १९४४ च्या पत्रात बोनहोफर यावर विचार करतो. विवाह, श्रम, राज्य आणि चर्च यांना नेमून दिलेली जागा आहे, मैत्रीला ती नाही. ती स्वातंत्र्याच्या प्रदेशातली गोष्ट आहे, आणि म्हणून ती माणसांना स्वतःच सांभाळावी लागते, असा त्याचा रोख आहे. जिच्यामागे कायदा नाही, जात नाही, रक्त नाही, ती मैत्री केवळ कष्टाने टिकते. बेथगेने ते कष्ट केले. आलेली पत्रे वायुमुखवट्यांच्या डब्यांत घालून बागेत पुरण्यात आली. ऑक्टोबर १९४४ मध्ये बेथगेलाही अटक झाली, तेव्हा अगदी शेवटची पत्रे त्याला जाळावी लागली. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्ग येथे बोनहोफरला फाशी दिली गेली. बेथगे वाचला. १९५१ मध्ये त्याने ती पत्रे प्रसिद्ध केली आणि १९६७ मध्ये मित्राचे चरित्र. आज बोनहोफर आपल्याला माहीत आहे, तो बव्हंशी या एका मित्राच्या चिकाटीमुळे.

येथे एक गोष्ट परखडपणे नोंदविली पाहिजे. बोनहोफरचा एक मामा बर्लिन शहराचा लष्करी अधिकारी होता. ते कळल्यावर तुरुंगात त्याची वागणूक सुधारली. शेजारच्या कोठडीतल्या साध्या शिपायाला असा मामा नव्हता, आणि पत्रे पुरावयाला बागही नव्हती. फिशरसुद्धा आज आपल्याला मुख्यतः बोनहोफरच्या चरित्रातले एक पात्र म्हणून भेटतो. ज्याने डोळे उघडले त्याची कथा अपुरी राहते, ज्याचे उघडले त्याचे खंड निघतात. मैत्रीच्या इतिहासातही वरचा-खालचा भेद असा शिरतो.

म्हणून बोनहोफरचे गोडवे गाणे एवढाच या लेखाचा हेतू नाही. आमच्या घरात पत्र दुसऱ्याकडून वाचून घेणारी पिढी माझ्या आधीचीच. तरीही आमच्या वस्त्यांत कार्यकर्त्यांनी एकमेकांना लिहिलेली पोस्टकार्डे होती, आजही काही ट्रंकांत पडून आहेत. सत्याग्रहाला कोण येणार, कोणाची नोकरी गेली, कोणाच्या मुलाची फी भरावयाची आहे, असा मजकूर त्यांत असतो. पुढाऱ्यांची भाषणे छापली जातात, ही पोस्टकार्डे रद्दीत जातात. माझ्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षक मित्रांना माझे सांगणे आहे की, आपापल्या गावातली अशी पत्रे आधी मिळवा, घरच्यांच्या संमतीने त्यांच्या नकला करा, आणि लिहिणारा हयात असेल तर त्याच्याशी बोला. आणि जो सहकारी फुटीनंतर दुसऱ्या गटात गेला, किंवा थकून घरी बसला, त्याची खबर घेण्याचे काम संघटनेच्या कामांत धरा. फिंकेनवाल्डेचे टाळे पडल्यावर तेथल्या लोकांनी हेच केले, आणि त्यामुळेच ते काही काळ तरी एकमेकांना हरवले नाहीत.