शब्दवेध : ऋण सोडणे
‘क्षमा’ हा शब्द ‘क्षम्’, म्हणजे सहन करणे, या धातूपासून आला असून संस्कृतात पृथ्वीलाही ‘क्षमा’ म्हणतात. त्यामुळे त्यात सोसणाऱ्याचा मोठेपणा दिसतो, हिशेब मिटल्याची खूण दिसत नाही. ख्रिस्ती प्रार्थनेतील कल्पना मात्र जवळजवळ चोपडीतली आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत ‘ओफेइलेमा’, म्हणजे देणे, हे ग्रीक नाम आणि ‘आफिएमी’, म्हणजे सोडून देणे, हे क्रियापद येते; मराठी बायबलने तेथे ‘ऋण’ आणि ‘सोडणे’ हेच शब्द राखले, तर चेन्नईच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत रूढ असलेल्या तमिळ बायबलात ‘कडन’ हा कर्जासाठीचा रोजच्या व्यवहारातला शब्द आहे, जो बँकेच्या पाटीवरही दिसतो. ‘माफी’ या अरबी मुळाच्या शब्दाला हा अर्थ चांगला पेलता आला असता, कारण कर्जमाफी मराठीला परकी नाही.

ऋण असे सुटणे म्हणजे न कमावता मिळणारे दान; त्यासाठीच्या ग्रीक ‘खारिस’ या शब्दाला तमिळ प्रोटेस्टंट संस्कृत ‘कृपा’वरून आलेला ‘किरुबै’ वापरतात, तर कॅथलिकांचा कल अस्सल तमिळ ‘अरुळ’कडे असतो, आणि दोन्ही शब्द माणसांच्या नावांतही उतरले आहेत.

योगायोग असा की, मद्रासमधील वेपेरीच्या छापखान्यातून १७७२ मध्ये तमिळ नवा करार काढणारे जर्मन मिशनरी योहान फिलिप फाब्रिसियुस यांना उतारवयात कर्जापायी तुरुंगवास भोगावा लागला.