शिळा, विहिरी आणि पोथी : शिर्डीतील काही स्थानकथा

स्थानकथेला साक्षीदार लागतो. 'हीच ती शिळा', 'हीच ती विहीर' असे बोट दाखवून सांगता आले की ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो. हा साक्षीदारच नाहीसा झाला तर कथेचे काय होते? स्कॉटलंडमध्ये मेलरोजजवळ, ज्या झाडाखाली थॉमस द ऱ्हाइमर या कवीला परीराणी भेटली असे सांगतात, ते झाड केव्हाच गेले. त्या जागी आता एक दगड आहे. कथेने आपल्यासाठी दुसरा साक्षीदार उभा केला. शिर्डीत हे काम पोथीने केले.

गोविंद रघुनाथ दाभोलकर तथा हेमाडपंत १९१० साली प्रथम शिर्डीस आले. त्यांचे ओवीबद्ध 'श्रीसाईसच्चरित' चमत्कारांसाठी श्रद्धेने वाचले जाते. परंतु तीर्थक्षेत्र होण्यापूर्वीच्या, पाण्याला मोताद असलेल्या एका खेड्याची आठवणही त्यात आहे.

निंबाखालच्या भुयाराची कथा पाहा. अंगात खंडोबाचा संचार झालेल्याने जागा दाखवली. खणल्यावर विटांचा थर लागला, त्याखाली जात्याची तळी आणि ती सारताच भुयारात तेवत्या समया. हे माझ्या गुरूचे स्थान आहे, असे सांगून बाबांनी ते पूर्ववत बुजवायला लावले. ती तळी पुन्हा कोणी पाहिली नाही. येथे शिळेचे अदृश्य होणे हाच कथेचा गाभा आहे. ती उघडी राहिली असती तर गूढ उरले नसते.

विहिरींची कथा वेगळी. १८९७ साली गोपाळराव गुंड यांच्या पुढाकाराने रामनवमीला उरूस सुरू झाला. गावात विहिरी दोनच. एक आटणारी, दुसरीचे पाणी मचूळ. बाबांनी फुले टाकून ते पाणी गोड केले, असे पोथी सांगते. पण ती तेथे थांबत नाही. पाणी तरीही पुरेना, म्हणून तात्या पाटलांना दूरच्या विहिरीवर मोटा लावून पाणी आणावे लागले, हेही ती नोंदवते. केवळ माहात्म्य वाढवायचे असते तर हा तपशील गाळणे सोपे होते. कथाकाराला गावाची तहान विसरता आली नाही, म्हणून चमत्काराशेजारी मोट उरली.

बागेचेही तसेच. बाबा विहिरीचे पाणी शेंदून, वामन तात्यांनी दिलेल्या दोन कच्च्या घड्यांतून खांद्यावर वाहून झाडांना घालत. संध्याकाळी घडे निंबाखाली ठेवताच फुटत. दुसऱ्या दिवशी नवे. तीन वर्षे हे चालले. त्याच जागेवर पुढे बुट्टींचा वाडा बांधला गेला आणि १५ ऑक्टोबर १९१८ नंतर तो समाधिमंदिर झाला. ज्या जमिनीने घड्याघड्याने पाणी घेतले, ती आता फरशीखाली आहे.

दारणा धरण १९१६ साली झाले. गोदावरीच्या कालव्यांनी राहाता-कोपरगावचा पट्टा बागायती केला. मचूळ पाण्याचा अर्थ अनुभवाने जाणणारा श्रोता दुर्मीळ होत गेला आणि कथेतला चमत्कार तेवढा ठळक राहिला. वर्गात अशा कथा शिकवताना 'हे खरोखर घडले का' एवढ्याच प्रश्नावर आपण अडून राहतो. ही कथा सांगणाऱ्याला कशाची टंचाई होती, हा प्रश्नही विचारायला हवा. त्याचे उत्तर शिर्डीच्या पोथीत आहे, मोटेच्या त्या एका उल्लेखात.