ऑस्वाल्डचा 'तोतया' आणि कानामागचा व्रण

अमेरिकेचे अध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांची २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे गोळ्या झाडून हत्या झाली. या हत्येचा आरोप असलेला ली हार्वे ऑस्वाल्ड दोनच दिवसांनी पोलिसांच्या ताब्यात असताना जॅक रूबी याच्या गोळीला बळी पडला. खटला न चालल्याने अनेक तर्कांना वाव मिळाला. त्यांपैकी एक तर्क असा, की मारला गेलेला इसम ऑस्वाल्ड नव्हताच. तो सोव्हिएत गुप्तहेर यंत्रणेने धाडलेला तोतया होता.

या तर्काला आधार होता तो ऑस्वाल्डच्या चरित्रातील एका पर्वाचा. अमेरिकी मरीन दलातून बाहेर पडल्यावर तो ऑक्टोबर १९५९ मध्ये सोव्हिएत संघात गेला आणि जून १९६२ मध्ये रशियन पत्नी मरीना हिच्यासह परतला. गेलेला ऑस्वाल्ड आणि परतलेला ऑस्वाल्ड एकच होता काय, असा प्रश्न ब्रिटिश लेखक मायकेल एडोज यांनी १९७० च्या दशकात उपस्थित केला. ही शंका अगदीच नवी नव्हती. ऑस्वाल्डच्या जन्मदाखल्याचा कोणी तोतया वापर करीत असण्याची शक्यता एफबीआयने जून १९६० मध्येच परराष्ट्र खात्याला कळवली होती.

एडोज यांचा भर वैद्यकीय नोंदींवर होता. १९५९ मध्ये मरीन दलातून मुक्त होताना ऑस्वाल्डची उंची ५ फूट ११ इंच नोंदवली गेली. शवविच्छेदनात ती ५ फूट ९ इंच भरली. याहून महत्त्वाची बाब कानामागच्या व्रणाची होती. मधल्या कानाचा संसर्ग मागील हाडात पसरल्यास पूर्वी ते हाड कोरून दूषित भाग काढून टाकावा लागे. अशी शस्त्रक्रिया सहा वर्षांच्या ऑस्वाल्डवर १९४६ मध्ये डाव्या कानामागे झाली होती. मरीन दलाच्या वैद्यकीय तपासणीत तिच्या व्रणाची नोंद आहे, मात्र डॅलसचे वैद्यकीय परीक्षक अर्ल रोझ यांच्या शवविच्छेदन अहवालात तो व्रण नाही.

उंचीचा मुद्दा फार टिकणारा नव्हता. १९५६ मध्ये मरीन दलात भरती होताना सतरा वर्षांच्या ऑस्वाल्डची उंची ५ फूट ८ इंच नोंदलेली होती. म्हणजे '११ इंच' हाच आकडा संशयास्पद ठरतो. मरीन दलातील आणि १९६३ च्या अटकेनंतरच्या बोटांच्या ठशांचाही मेळ बसत होता. त्यावर, अभिलेखातील ठसेच बदलले असावेत, असा बचाव एडोज यांच्याकडे होता. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीनेही १९७९ च्या अहवालात हस्ताक्षर व छायाचित्रांतील चेहऱ्याची मापे तपासून तोतयाचा पुरावा नसल्याचे सांगितले. व्रणाचा प्रश्न मात्र कागदपत्रांनी सुटण्यासारखा नव्हता. अहवालात व्रणाचा उल्लेख नसणे म्हणजे देहावर तो नसणे नव्हे; पण हे दाखवायचे तर देहच पाहावा लागणार होता.

थडगे उकरण्यास ऑस्वाल्डचा भाऊ रॉबर्ट याचा विरोध होता. मरीनाची संमती होती, कारण थडग्यात मृतदेह आहे की नाही, याचीच तिला शंका वाटत होती. न्यायालयीन वादानंतर ४ ऑक्टोबर १९८१ रोजी फोर्टवर्थच्या रोझ हिल दफनभूमीतून शवपेटी बाहेर काढण्यात आली. काँक्रीटच्या कोठीला तडा जाऊन आत पाणी शिरले होते, पेटी कुजली होती आणि देहाचा बहुतांश सांगाडा झाला होता. डॅलसच्या बेलर वैद्यकीय केंद्रात डॉ. लिंडा नॉर्टन यांच्या नेतृत्वाखालील पथकाने तपासणी केली. दात मरीन दलातील क्ष-किरण चित्रांशी जुळले. डाव्या कानामागच्या हाडात गुळगुळीत कडांची पोकळीही आढळली. हाड कोरल्यानंतर वर्षानुवर्षे भरून आल्याची ती खूण होती. हा देह नि:संशय ऑस्वाल्डचाच आहे, असे नॉर्टन यांनी जाहीर केले. पथकाचा सविस्तर अहवाल १९८४ मध्ये न्यायवैद्यकाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

वाद तरीही मिटला नाही. १९६३ मध्ये मृतदेहाची दफनपूर्व तयारी करणारा व्यावसायिक १९८१ लाही उपस्थित होता. शवविच्छेदनात कवटी करवतीने कापलेली होती, पण आता ती अखंड दिसली, असे त्याने पुढे सांगितले. यातून शिर बदलल्याची कल्पना निघाली. पथकाच्या अहवालात मात्र करवतीचा छेद स्पष्टपणे नोंदलेला आहे. कवटीचा वरचा भाग सुकलेल्या ऊतींमुळे घट्ट चिकटून राहिला होता आणि तो पुन्हा उघडण्यात आला नाही. दंतचिकित्सा आणि कानामागचे हाड, दोन्ही खुणा त्याच शिरात आहेत. त्यामुळे शिर बदलले असे मानले, तर खरा ऑस्वाल्ड आधी कोठेतरी मारला गेला, त्याचे शिर जपून ठेवले गेले आणि गुपचूप टेक्सासच्या थडग्यात पोहोचले, असेही मानावे लागते. असा प्रवास घडल्याचा कोणताही पुरावा आजवर कोणी पुढे आणलेला नाही.