जुलाब थांबले, पण लघवी कमी झाली? मुलांमधला 'एचयूएस' म्हणजे काय

मुलाला रक्ताची हगवण लागते, चार-पाच दिवसांत ती कमी होते आणि घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात. मग मूल फिकट दिसू लागतं, चिडचिड करतं, डोळ्यांखाली सूज येते. 'जुलाबाने अशक्तपणा आलाय' असं म्हणून विषय तिथेच सोडू नका. लघवी कधी झाली होती, ते आधी आठवा.

हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम, म्हणजेच एचयूएस, नेमका याच टप्प्यावर गाठतो. जुलाब सुरू झाल्यापासून साधारण आठवडाभराने.

शरीरात काय घडतं?

शिगेला आणि ई. कोलायचे काही प्रकार 'शिगा टॉक्सिन' नावाचं विष तयार करतात. (१८९७ मध्ये हगवणीचा जंतू शोधणारे जपानी शास्त्रज्ञ कियोशी शिगा यांच्यावरून हे नाव पडलं.) आतड्यातून रक्तात गेलेलं हे विष किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब करतं. तिथे गुठळ्या होतात, त्यात प्लेटलेट्स संपतात आणि त्या अरुंद वाटेतून जाताना तांबड्या पेशी फाटतात. म्हणून हिमोग्लोबिन उतरणं, प्लेटलेट्स घटणं आणि किडनी बंद पडणं हे तिन्ही एकदम दिसतं. सीबीसी, क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी एवढ्यावरून डॉक्टरांना संशय येऊ शकतो.

न्यूमोनिया किंवा मेंदूज्वर करणाऱ्या न्यूमोकोकसमुळेही एचयूएस होतो, तोही जुलाबाशिवाय. त्या जंतूवरची पीसीव्ही लस सरकारी लसीकरणात ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिन्यांना मोफत मिळते.

आपल्याकडे याचा काय संबंध?

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. शिरूर अनंतपाळ याच जिल्ह्यातला तालुका. पाणी कमी पडलं की आधी काटकसर होते ती हात धुण्यात, आणि शिगेलाचे अगदी थोडे जंतूही आजारी पाडायला पुरतात. हा फक्त गरीब भागांचा आजार आहे असंही नाही. २०११ मध्ये जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून ई. कोलाय पसरला, ८०० हून जास्त लोकांना एचयूएस झाला. मेथीला मोड आपणही आणतोच!

घरी काय करू नये?

मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. शिगेलाला ते लागतं, पण विष बनवणाऱ्या ई. कोलायमध्ये त्याने धोका वाढू शकतो. जुलाब 'बंद करणारी' गोळी तर रक्ताच्या हगवणीत मुलांना देऊच नये. ओआरएस चालू ठेवा. मात्र लघवीच थांबली असेल तर पाणी किती द्यायचं, हे डॉक्टरच ठरवतील.

सहा-आठ तास लघवी नाही, अंगावर लाल-जांभळे ठिपके, झटका किंवा गुंगी: यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. मोठ्या रुग्णालयात निघताना तिथे लहान मुलांच्या डायलिसिसची सोय आहे का, हे आधी विचारा.

वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक मुलं बरी होतात. त्यानंतरही काही वर्षं दरवर्षी रक्तदाब आणि लघवीतलं प्रोटीन तपासावं लागतं, कारण किडनीला झालेली इजा कधीकधी उशिरा दिसते.