डिस्क क्लीनअप

डिस्क क्लीनअप ही मायक्रोसॉफ्ट विंडोज या संचालन प्रणालीतील, डिस्कवरील अनावश्यक संचिका काढून जागा मोकळी करणारी सुविधा आहे. विंडोज ९८ पासून ती उपलब्ध आहे. मुख्यतः सी ड्राइव्ह भरत आल्यास तिचा वापर केला जातो.

कार्यपद्धती

निवडलेला ड्राइव्ह तपासून ही सुविधा तात्पुरत्या संचिका, लघुप्रतिमा, रिसायकल बिनमधील संचिका इत्यादींची यादी आणि प्रत्येक प्रकाराने व्यापलेली जागा दाखवते. वापरकर्त्याने खूण केलेले प्रकारच काढले जातात.

दक्षता

काढलेल्या संचिका रिसायकल बिनमध्ये जात नाहीत. त्यामुळे त्या सहजासहजी परत मिळत नाहीत. संचालन प्रणालीच्या पूर्वीच्या आवृत्तीच्या संचिका काढल्यास तिच्याकडे परतण्याचा मार्ग बंद होतो. विंडोज १० च्या २०१८ मधील १८०९ क्रमांकाच्या आवृत्तीत 'डाउनलोड्स' फोल्डरचाही यादीत समावेश झाला. त्यात वापरकर्त्याने उतरवून घेतलेली कागदपत्रे असतात. खूण करताना लक्ष न दिल्यास तीही नष्ट होत. २०२० च्या आवृत्तीत हा पर्याय वगळण्यात आला.

सद्यस्थिती

२०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही सुविधा कालबाह्य ठरवली. तिची कामे आता सेटिंग्जमधील स्टोरेज विभागातून करता येतात. तेथील 'स्टोरेज सेन्स' ठरावीक काळाने आपोआप सफाई करते.