रेड कंट्रोलर : कॅशचे संरक्षण

सर्व्हरमधील अनेक डिस्क एकच साठा म्हणून चालवणाऱ्या रेड कंट्रोलरच्या कॅशमधली माहिती वीज गेल्यावरही टिकवण्याची व्यवस्था. रेडची मांडणी पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८७ मध्ये बर्कली येथे केली.

राइट-बॅक पद्धतीत माहिती कॅशमध्ये पोहोचताच कंट्रोलर पोच देतो. डिस्कवर ती मागाहून उतरते. वेग वाढतो, पण मधल्या क्षणी वीज गेली तर पोच दिलेली नोंदही नाहीशी होते. माहिती डिस्कवर उतरल्यावरच पोच देणाऱ्या राइट-थ्रू पद्धतीत हा धोका नाही, काम मात्र मंदावते. यावर उपाय म्हणून कंट्रोलरला बॅटरी जोडत. ती कॅश काही तास ते दोन-तीन दिवस जिवंत ठेवी. नव्या रचनेत सुपरकपॅसिटरच्या विजेवर कॅशमधला मजकूर फ्लॅश चिपमध्ये उतरतो. मग वीज केव्हाही येवो.

अहिल्यानगरजवळच्या नागापूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात यूपीएस असला, तरी ही व्यवस्था अनावश्यक ठरत नाही. सर्व्हरचा पॉवर सप्लायच जळाला तर यूपीएस काय करणार? बॅटरी थकली की बहुतेक कंट्रोलर आपोआप राइट-थ्रूवर येतात. सर्व्हर अचानक रेंगाळू लागला तर आधी तिकडे पाहावे. डिस्कची स्वतःची कॅश बंद ठेवलेली बरी, कारण कंट्रोलरची बॅटरी तिला राखत नाही. रेडच्या प्रकारांपैकी सतत लिहिल्या जाणाऱ्या डेटाबेससाठी रेड १०, तर मोठ्या साठ्यासाठी दोन डिस्क बिघडल्या तरी तगणारे रेड ६ निवडतात.