तार कुणाच्या हाती? मुंबईच्या पैजांपासून मोबाइलमधल्या खेळांपर्यंत

व्हिडिओ गेममधली तलवार खऱ्या पैशांना विकली जाते आणि एकट्याने खेळायचा गेमसुद्धा इंटरनेटखेरीज सुरू होत नाही. या दोन गोष्टी गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या आहेत असा सर्वसाधारण समज आहे. खेळाचा निकाल दूरवरून यायचा, त्यावर इथे रोकड हलायची आणि निकाल पाठवणाऱ्याने हात आखडला की खेळणारा उघडा पडायचा, ही व्यवस्था मात्र मुंबईने १८४० च्या दशकापासून पाहिली आहे. आजचा धागा त्याविषयी. थोडा लांब आहे, पण विरार लोकलच्या एका फेरीत वाचून होईल.

आरंभ अफूपासून करू. बंगालमधील अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती आणि पाटण्याच्या अफूच्या पेट्या कलकत्त्यातील सरकारी लिलावात विकल्या जात. मुंबईतले व्यापारी इथे बसून त्या लिलावात सरासरी भाव काय निघेल यावर पैजा लावीत. ठरलेला भाव आणि प्रत्यक्ष निघालेला भाव यांतील फरक हरणाऱ्याने द्यायचा. अफूची एक पेटीही या हातातून त्या हातात जायची नाही. तारायंत्र अजून आलेले नव्हते. निकाल डाकेने येई. पैज लावणाऱ्यांचे हस्तक कलकत्त्याच्या लिलावात शिरून स्वतःच बोली चढवीत आणि भाव आपल्या बाजूला ओढू पाहत, हे वाचताना तर आजच्या गेममधील बाजारपेठेची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

अशा एका पैजेचा दावा थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८४८ मध्ये निकाल लागला, की इंग्लंडच्या सामान्य कायद्यानुसार पैज बेकायदा ठरत नाही, म्हणून तिची वसुली न्यायालयातून होऊ शकते. त्याच वर्षी कंपनी सरकारने १८४८ चा २१ वा कायदा करून पैजेचे करार निरर्थक ठरवले. शब्द नीट पाहावा : निरर्थक, गुन्हा नव्हे. पैज लावायला आडकाठी नव्हती, पण समोरचा फिरला तर सरकार तुमच्या मदतीला येणार नव्हते. म्हणजे सारा व्यवहार मध्यस्थाच्या पतीवर आला. हा धागा सोडू नका, तो पुढे लागणार आहे.

अफूनंतर कापूस. २८ नोव्हेंबर १८६४ रोजी सुरतेकडून येणारी बीबीसीआय रेल्वे ग्रँट रोडपर्यंत पोहोचली आणि भडोच-सुरतेचा कापूस आपल्या वसईच्या खाडीवरून मुंबईला जाऊ लागला. (विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी सुटली ती १२ एप्रिल १८६७ ला. माणसांच्या आधी कापसाच्या गाठींनी हा मार्ग वापरला, असे म्हणायला हरकत नाही.) अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपल्याची बातमी आली तसा तो ओसरला. १ जुलै १८६५ या दिवशी मुदतीच्या सौद्यांची देणी चुकवायची होती. त्या दिवशी बॅकबे रेक्लमेशनच्या समभागांसह अर्धी बाजारपेठ कोसळली. प्रेमचंद रायचंदांचे नाव या प्रसंगात नेहमी निघते, त्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. इथे तपशिलात जात नाही.

माझ्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १८७०. त्या वर्षी सुएझ-एडन-मुंबई ही समुद्राखालची तार पूर्ण झाली. त्याच वर्षी न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजची स्थापना झाली. या दोन घटनांचा परस्परसंबंध नव्हता, पण पुढल्या शतकभरात मुंबईच्या गल्लीबोळांत त्यांची गाठ पडली.

मध्ये एक पावसाळी प्रकरण आहे, ते सोडवत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत पावसावर पैजा लागत : ठरलेल्या वेळात इतका पाऊस पडेल का, की छपरावरच्या पन्हळीतून पाणी वाहील? सरकारने १८८७ मध्ये मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा केला. लगेच न्यायालयात प्रश्न उभा राहिला, की पाऊस पडण्यावर पैज लावणे म्हणजे जुगार ‘खेळणे’ होय काय? इथे फासे नाहीत, पत्ते नाहीत, खेळच नाही. अखेर १८९० मध्ये दुरुस्ती करून ‘जुगार’ या शब्दाच्या व्याख्येत पैज घालावी लागली. आकाशावर मात्र कुणाची मालकी नव्हती. निकाल कुणी अडवून धरू शकत नव्हते, विकू शकत नव्हते. पुढे आलेल्या सगळ्या खेळांहून पावसाचा सट्टा या एका बाबतीत निराळा, आणि माझ्या मते अधिक प्रामाणिक होता.

आता न्यूयॉर्कचे आकडे. तिथल्या कापूस बाजाराचा उघडता भाव आणि बंद होतानाचा भाव तारेने, पुढे टेलिप्रिंटरने, मुंबईच्या कापूस बाजारात येत असे. व्यापाऱ्यांना तो धंद्यासाठी हवा होता. बाकीच्या शहराला त्यातले शेवटचे अंक हवे होते. उघडत्या भावाचा अंक ‘ओपन’, बंद भावाचा अंक ‘क्लोज’. ज्याने जन्मात कापसाचे बोंड पाहिले नाही, तोही न्यूयॉर्कच्या कापसावर पैसे लावत होता. खेळाचे सगळे अंग इथले होते, गिऱ्हाईक इथले, बुकी इथला, चिठ्ठी इथली. फक्त निकाल अटलांटिकपलीकडून यायचा. आजच्या भाषेत सांगायचे तर सर्व्हर परदेशात होता.

१९६१ मध्ये तो बंद पडला. न्यूयॉर्कचे आकडे येईनासे झाले.

लाखो लोकांचा रोजचा खेळ एका रात्रीत संपायला हवा होता. तो संपला नाही, कारण इथल्या बुकींनी निकालच घरी आणला. चिठ्ठ्यांवर अंक लिहून त्या मातीच्या मडक्यात टाकायच्या आणि उपसायच्या. त्यावरून ‘मटका’ हे नाव पडले. १९६२ मध्ये कच्छहून आलेल्या कल्याणजी भगत यांनी वरळीचा मटका सुरू केला आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपला वेगळा. मडके लवकरच गेले, पत्ते आले. चित्रांची पाने वगळून तीन पाने काढायची, त्यांची बेरीज करायची, बेरजेतला शेवटचा अंक घ्यायचा. दुर्री, पंजी आणि नव्वी निघाली तर बेरीज सोळा, म्हणून ओपन सहा. तसाच पुन्हा क्लोज. दोन्ही मिळून जोडी.

शब्द पाहा. बाजार गेला, कापूस गेला, न्यूयॉर्क गेले, तरी ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ राहिले. खत्रींचा ओपन रात्री नऊला आणि क्लोज मध्यरात्री निघे. अमेरिकेत बाजार सकाळी उघडतो तेव्हा आपल्याकडे रात्र सुरू झालेली असते. मटक्याचे हे घड्याळ मूळचे न्यूयॉर्कचे असावे, असा माझा तर्क आहे.

हिशेबही सोपा होता. दहातल्या एका अंकावर लावले आणि लागला, तर साधारण नऊ पट. शंभरातल्या एका जोडीवर नव्वद पट. म्हणजे धंदा करणाऱ्याचा वाटा दहा टक्के, आणि तो आधीच खेळाच्या रचनेत बसवलेला. वसुलीला न्यायालय नाही, पावती म्हणजे कागदाचा कपटा. तरीही गिरणगावातला कामगार रुपया-दोन रुपये लावत होता, कारण लागलेला आकडा बुडत नाही अशी ख्याती होती. १८४८ च्या कायद्याने पैज जिथे नेऊन सोडली होती, त्या पतीच्या जोरावर हे साम्राज्य उभे राहिले. या आकड्यांनी गिरणगावातली घरे धुऊन नेली, हेही तितकेच खरे. पगाराच्या दिवशी नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बायकांना या ख्यातीचे कौतुक असण्याचे कारण नव्हते. आणीबाणीत खत्री तुरुंगात गेले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, गिऱ्हाइकाचा पगारच थांबला, आणि मटक्याचा कणा मोडत गेला. परळ-लालबागमधली कितीतरी कुटुंबे पुढे नालासोपारा-विरारला राहायला आली. त्या पिढीतल्या वृद्धांना आजही ‘काय आलं?’ एवढे विचारले तरी प्रश्न कळतो.

आता वर्तमानाकडे. १५ मे २०१२ रोजी ब्लिझार्ड या अमेरिकी कंपनीचा ‘डायब्लो ३’ हा गेम जगभर विक्रीला आला. एकट्याने खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेले असणे सक्तीचे होते. पहिल्याच दिवशी सर्व्हर गर्दीने कोलमडले आणि पैसे मोजून गेम घेतलेले लोक ‘एरर ३७’ ही पाटी पाहत बसले. महिनाभरात कंपनीने गेममध्येच लिलावघर उघडले. राक्षस मारून मिळालेले चिलखत तिथे खऱ्या डॉलरना विकता येई. प्रत्येक शस्त्रामागे कंपनी एक डॉलर घेई आणि मिळकत गेमबाहेर काढायची तर आणखी पंधरा टक्के. मटक्याचे दहा टक्के आठवून पाहावेत.

सक्ती आणि बाजार या दोन गोष्टींचा संबंध इथे स्पष्ट होतो. खेळाडूच्या संगणकात ठेवलेल्या तलवारीची नक्कल करता येते. नकला झाल्या की बाजार बसतो. जुन्या ‘डायब्लो २’ मध्ये नेमके हेच झाले होते आणि खरेदी-विक्री बाहेरच्या संकेतस्थळांवर चालत होती. म्हणून खतावणी पेढीवरच हवी. चोपडी ज्याच्याकडे, बाजार त्याचा. पण मग खेळाडूकडे उरते काय? चोपडीतली एक नोंद. लिलावघराने गेमची गोडीच घालवली, कारण राक्षस मारण्यापेक्षा बाजारात फेरी मारणे फायद्याचे ठरू लागले. १८ मार्च २०१४ रोजी कंपनीने ते बंद केले. इंटरनेटची सक्ती संगणकावर कायम राहिली.

आपल्याकडे याचा अनुभव २०२० साली आला. २ सप्टेंबरला केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ अ कलमाखाली ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाइल होता. ३० ऑक्टोबरला भारतातील सेवा पूर्ण थांबली. पोरांनी यूसी हे गेममधले चलन खऱ्या रुपयांनी घेतले होते, त्यातून पोशाख आणि बंदुकांचे रंग घेतले होते. भरलेला आयडी विकण्याचा चोरटा बाजारही होता. कंपनीच्या नियमांना तो मान्य नव्हता, म्हणजे फसवणूक झाली तर दाद कुठे मागणार? १८४८ चीच गत. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परतला आणि जुन्या खात्यातला माल नव्या खात्यात नेण्याची सोय मिळाली. मात्र ती ज्याच्या हाती मूळ लॉगिन, त्यालाच. पैसे देऊन दुसऱ्याचा आयडी घेतलेल्याला पुन्हा विकणाऱ्याच्याच दारात उभे राहावे लागणार होते. जुलै २०२२ मध्ये हाही गेम अ‍ॅपच्या दुकानांतून हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला.

मडक्याची युक्ती इथे चालली नाही. १९६१ मध्ये निकाल कसा काढायचा हे बुकीला ठाऊक होते; मडके, चिठ्ठ्या आणि माणसे पुरली. बंद सर्व्हरच्या जागी नालासोपाऱ्यातल्या मुलांना काय ठेवता आले असते?

न्यायालये मात्र दीर्घकाळ वेगळ्याच प्रश्नात गुंतली होती : कौशल्य की नशीब? १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला खटल्यांत हा निकष ठरवला. वाद होता वृत्तपत्रातून चालणाऱ्या बक्षीस-शब्दकोड्यांचा. छापायचे बंगळुरूला, प्रवेशशुल्क जमायचे मुंबई राज्यातून. तिथेही निकाल परराज्यातून यायचा, पण मुद्दा कौशल्याचा झाला. याच निकषावर मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये ड्रीम११ हा कौशल्याचा खेळ असल्याचे मान्य केले.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने हा जुना निकष बाजूला सारला. पैसे लावून पैसे मिळण्याची आशा असलेला ऑनलाइन खेळ, कौशल्याचा असो वा नशिबाचा, निषिद्ध. त्याच दिवशी ड्रीम११ ने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे घेतल्या आहेत. मला त्यातील एक व्याख्या फार बोलकी वाटते. पैशांनी घेतलेली आभासी नाणी, टोकन आणि वस्तूही त्यात ‘डाव’ म्हणून मोजल्या आहेत. आभासी तलवारीला पैशांची किंमत असते, हे यात कायद्यानेच मान्य केले. ती तलवार कुणाच्या मालकीची, याविषयी त्यात अक्षर नाही.